मालिकेतल्या सिस्टर आणि मोनीचं केळवण

मालिकांमधल्या चर्चमध्ये वीज नसते, हे मी कॉलेजात असल्यापासून पाहत आले आहे. बंगल्यात झुंबरं लखलखत असतात, पण नायिका रडत रडत चर्चमध्ये शिरली की आत नुसत्या मेणबत्त्या. त्यांच्या उजेडात एक गोरीपान सिस्टर उभी, गळ्यात खुंटीएवढा क्रूस, आणि कुणी काही विचारायच्या आत ती म्हणणार, "माय चाइल्ड, प्रभू सब देखता है." मालिका मराठी असली तरी सिस्टर हिंदीतच बोलणार. आमचं चर्च म्हणजे सांगलीच्या बाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्यालगतचा पत्र्याच्या छपराचा हॉल. तिथे ट्यूबलाइट होत्या, त्यातली एक कायम फडफडायची, आणि फादर प्रवचनाला उभे राहिले की नेमक्या उसाच्या ट्रॉल्या मोठ्याने गाणी लावून समोरून जायच्या. फादर थांबायचे, आम्हीही थांबायचो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या तेवढ्यात एकमेकींच्या सुनांची चौकशी उरकून घ्यायच्या.

आम्ही बारदेस्कर, मूळचे आजऱ्याकडचे. बाबा, म्हणजे अंतोन बारदेस्कर, कारखान्यात फिटर होते आणि सगळा रस्ता त्यांना अंतू फिटर म्हणायचा. घरात आई, माझ्याहून मोठी मोनिका म्हणजे मोनी, आणि मी क्लारा. मालिकेतला ख्रिश्चन माणूस डोक्यावर हॅट घालतो, संध्याकाळी गिटार घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅन' म्हणतो. बाबांची टोपी मंकी कॅप होती, तीही थंडीतली. वाद्य म्हणाल तर ते फक्त स्टीलच्या डब्यावर बोटं वाजवायचे, तेही चहा हवाय हे आईला कळावं म्हणून. दारूचा त्यांना वासही सहन होत नसे. पण मालिकेतला प्रत्येक अंकल झिंगलेला, त्यामुळे आमचे शेजारी सुभेदारकाका दर नाताळला लष्करी कँटीनमधली रमची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि डोळा मारून म्हणायचे, "अंतू, तुमच्यात चालतंय की." नाही म्हणणं बाबांच्या जिवावर यायचं. कपाटात बाटल्यांची रांग लागली होती आणि आई त्यातली रम बाबांच्या गुडघ्यांना चोळायची. गल्लीला वाटे, फिटर गुपचूप पितो, कारण वास तर येतोच.

सुभेदारकाकांची बायको हौसाकाकू. दोघांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, मागे त्यांचा ऊस. त्यांच्या पलीकडे मगदूमकाकी, त्या जैन, त्यांचं किराणा दुकान. रंगीत टीव्ही हौसाकाकूंकडे होता, म्हणून संध्याकाळची मालिका बघायला आम्ही सगळे तिथे. मगदूमकाकी सूर्य मावळायच्या आत जेवून, तोंड धुऊन, सगळ्यांत पुढची जागा धरायच्या. हौसाकाकू शेंगा फोडत बसायच्या, आणि पडद्यावर खलनायिका आली की टरफलं तिच्या दिशेने उडायची. बाबा खुर्चीवर, दाराजवळ. पडद्यावर कुणी ख्रिश्चन आला रे आला की ते सुरू व्हायचे. "असं कोन बोलतंय? आमच्यात असं कोनबी बोलत न्हाई. कवा बघितलंय तुमी मला गिटार घेऊन?" हौसाकाकू म्हणायच्या, "आवं भावजी, तुमी आजऱ्याचं. ही मंबईची असत्याल." बाबा पुटपुटत राहायचे, पण उठून कधी गेले नाहीत. आजही माझी लेक मोबाइलवर कसलीशी मालिका लावते, तीत सिस्टर अंधाऱ्या जिन्यावरून मेणबत्ती घेऊन उतरते, आणि माझ्या तोंडून थेट बाबांचंच वाक्य निघतं. लेक म्हणते, आई, बघायचं नसेल तर बघू नकोस. बघायचं तर असतंच ना.

तर त्या वर्षीच्या मालिकेत केतकी नावाची नायिका होती. तिचा प्रियकर आजारी पडला, तिने त्याची शुश्रूषा केली, तो खडखडीत बरा झाला आणि त्याने भलत्याच मुलीशी लग्न ठरवलं. केतकीने केस मोकळे सोडले, आभाळ गडगडलं आणि ती कॉन्व्हेंटच्या लोखंडी फाटकाशी जाऊन कोसळली. फाटक करकरत उघडलं. मगदूमकाकींनी पदर डोळ्यांना लावला. हौसाकाकू म्हणाल्या, "गेली पोर. आता ती भाईर येत न्हाई बघा."

आणि त्याच आठवड्यात आमच्या मोनीने, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवता बुडवता सांगितलं की तिला सिस्टर व्हायचं आहे.

मोनी नर्सिंगचा कोर्स करून आमच्या चर्चमागच्या सिस्टरांच्या दवाखान्यात काम करत होती. शांत, पण घुमी नव्हे. खायला पुढे, हसायला पुढे. तिने सांगितलं ते असं, की जणू उद्या डाळ दळून आणायची आहे. आईचा उलथनं धरलेला हात तसाच राहिला. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, ते देवाचं काहीतरी बोलतील. ते दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारे, त्यांची सख्खी आत्या सिस्टर होती. बाबांनी ताट बाजूला सरकवलं आणि खर्जात विचारलं, "कोन हाय त्यो?"

"कोण?" मोनी म्हणाली.

"ज्यानं तुला फसिवलं त्यो."

मला हसू आवरेना. रोज संध्याकाळी मालिकेच्या नावाने बोटं मोडणारा माणूस, आणि स्वतःच्या मुलीबद्दल पहिला प्रश्न विचारला तो मालिकेतला. मोनीने परोपरीने सांगितलं की कुणी नाही, कधीच नव्हता. ती जितकं नाही म्हणे, तितकी बाबांची खात्री होत गेली, कारण केतकीसुद्धा नाहीच म्हणाली होती. शेवटी ते म्हणाले, "मी हाय तवर ह्या घरातनं असं रडत कोन जानार न्हाई." मोनी रडत नव्हती. ती भाकरी खात होती. पण त्या दिवसापासून बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरातलं अबोल्याचं पहिलंच पर्व होतं ते, आणि मला त्याचा फार त्रास झाला. डब्यावरची बोटं थांबली, चहा हवाय हे आईला त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागे.

भिंतीला भिंत असल्यावर बातमीला दार लागत नाही. दुसऱ्या दिवशी हौसाकाकू वाटीभर लोणी घेऊन मोनीच्या शेजारी येऊन बसल्या आणि काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मगदूमकाकींनी दुकानातून खारका पाठवल्या, अंगात ताकद राहावी म्हणून. मोनी दवाखान्यात जायला निघाली की गल्लीतल्या बायका नळावरची भांडणं थांबवून तिला वाट द्यायच्या. तिने एकदा दारात केस वाळवायला मोकळे सोडले तर समोरची म्हातारी धावत आली, "बाई, जिवाचं काय करून घिऊ नगंस." मोनी आत माझ्यापाशी येऊन इतकी हसली की तिला उचकी लागली. बाहेर गल्लीने ती उचकी ऐकली आणि तिचाही अर्थ लावला.

आता 'त्यो' कोण, एवढंच शोधायचं राहिलं होतं. मगदूमकाकींच्या माडीवर सुहास नावाचा मुलगा भाड्याने राहायचा, कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, गाव फलटण. त्याला टायफॉईड झाला तेव्हा मोनी रोज सकाळी माडीवर जाऊन इंजेक्शन देऊन आली होती. पुढे तो बरा होऊन फलटणच्या बाजूला दुसऱ्या कारखान्यात लागला. आजारपण, शुश्रूषा, बरा होणं, निघून जाणं: सगळं केतकीसारखं. हौसाकाकूंनी हे जुळवलं आणि सुभेदारकाकांच्या कानावर घातलं. काकांनी बाबांना विचारलं नाही, मोनीला तर नाहीच. ठेवणीतला कोट काढला, त्यावर पदकांच्या फिती लावल्या आणि पहिल्या एसटीने साताऱ्याला, तिथून गाडी बदलून फलटणला गेले. जाताना हौसाकाकूंना एवढंच म्हणाले, "मामला सेटल करून येतो."

तिथे काय झालं ते काकांनी पुढे आयुष्यभर सांगितलं, आणि दर वेळी त्यात स्वतःचा आवाज थोडा आणखी चढवला. सुहासच्या घरी नेमकी त्या दिवशी सुपारी फुटायची होती. ओसरीवर सतरंज्या, मुलीकडची मंडळी, पोह्यांच्या बश्या. काका दारात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या जवानानं आमच्या पोरीकडनं सेवा करून घेतली आन तिला वाऱ्यावर सोडली. पोरगी सिस्टर व्हायला निघालीया. आता बोला." मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सुहासला कोण पोरगी तेच कळेना. बिचाऱ्याला इंजेक्शनं आठवत होती, देणारीचं नाव आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात जीप उभी राहिली. तीतून सुहास, त्याचे वडील, होणारे सासरे आणि खात्री करून घ्यायला आलेले दोन-तीन मामा उतरले. सुभेदारकाका मागोमाग, कोट न घालता. गल्ली दारात जमली. बाबा बनियनवर होते, आई शर्ट शोधायला आत पळाली. मोनी दवाखान्यातून नुकतीच आली होती, हातात डबा. तिने सुहासला पाहिलं आणि म्हणाली, "काय हो, वजन भरलं का? तेलकट नाही ना खात?" सुहास हात जोडून रडवेला होऊन म्हणाला, "न्हाई ताई. एकदाबी न्हाई ताई." त्या 'ताई'ने सगळ्या जीपचा जीव भांड्यात पडला. आईने कांदेपोहे टाकले. सासऱ्यांनी जाता जाता मोनीकडून रक्तदाब मोजून घेतला, गोळ्या दाखवल्या, मिठावरून बोलणी खाल्ली, आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी गुनाची हाय. आमचा एक पुतन्या हाय, जातपात आमी काय बघत न्हाई." बाबांच्या डोळ्यांत क्षणभर अशी चमक आली, की आईने त्यांचा शर्ट मागून ओढला.

पण जीप गेली आणि बाबा आणखीच गप्प झाले. मुलगा नाही हे कळल्यावर त्यांचा राग जायला हवा होता, तो उलट वाढला. फसवणारा असता तर त्याला धरता आला असता, बदडता आला असता, लग्न लावता आलं असतं. आता कुणीच नव्हतं. पोरगी आपल्या खुशीने घर सोडून जायचं म्हणतेय, याला फिटरकडे कुठलाच पाना नव्हता. दवाखान्याच्या मुख्य सिस्टर इमेल्डांनी मोनीला स्वच्छ सांगितलं होतं, "बापाचा होकार असल्याबिगर मी तुला पुण्याला धाडायची न्हाई. रडून येनारीबी नको, पळून येनारीबी नको." नव्या मुलींना सिस्टरांच्या पुण्यातल्या घरात जूनच्या आत दाखल व्हायचं होतं. मे अर्धा सरला होता. मोनी हसायची थांबली. पंचविशी जवळ आलेली माझी बहीण परसात दगडावर बसून राही, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की हिचं आता खरंच केतकीसारखं होणार.

हौसाकाकूंनाही ते दिसलं असावं. सुभेदारकाकांनी फलटणला केलेल्या घोळाची भरपाई म्हणून म्हणा किंवा मूळच्या खाजेने म्हणा, त्या मगदूमकाकींना घेऊन थेट सिस्टर इमेल्डांना जाब विचारायला गेल्या. मीही गेले, मला अशी संधी सोडवत नाही. दवाखान्यामागे सिस्टरांचं घर होतं. हौसाकाकूंनी आत जाण्याआधी डोक्यावरून पदर घट्ट घेतला, मगदूमकाकी नमोकार म्हणू लागल्या. आत सिस्टर इमेल्डा, चंदगडच्या, अंगाने दणकट, पांढरट सुती साडी खोचून जमिनीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या आणि दारातल्या गॅसवाल्याला झापत होत्या, कारण सिलिंडर गळका निघाला होता. मागे म्हैस ओरडत होती. दुसरी एक सिस्टर रेडिओवर गाणी ऐकत कपड्यांना इस्त्री करत होती.

"कोंडून ठेवलेल्या बायका कुठं हाईत?" हौसाकाकूंनी विचारलं.

"एकच खोली कुलपात हाय बाई," सिस्टर इमेल्डा म्हणाल्या, "तिच्यात म्हशीची पेंड हाय. बघायची व्हय?"

हौसाकाकूंनी खरंच बघितली. पेंड हुंगून चांगली आहे म्हणाल्या. मग पाला निवडायला खाली बसल्या आणि सरळ विचारलं, "तुमाला कुनी सोडलं हुतं, सिस्टर?"

सिस्टर इमेल्डा खदखदून हसल्या. "मला कोन सोडतंय? दोन जागी मागनी घातली हुती मला. एकाकडं तर ट्रॅक्टर हुता. म्याच न्हाई म्हनलं."

"मग रडायला येत न्हाई?"

"येतंय की. म्हस आटली की येतंय." मग त्यांनी हौसाकाकूंचं बोट धरून टोचलं, साखर तपासली आणि गोड खाण्यावरून त्यांची अशी खरडपट्टी काढली, की मालिकेतल्या सिस्टरला ते सात जन्मांत जमलं नसतं. परत येताना हौसाकाकू टोचलेल्या बोटावरचा कापूस दाबत चालल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी म्हणाल्या, "सासू न्हाई, भावकी न्हाई, सकाळी उठून कुनाचा डबा न्हाई. मला हे माझ्या टायमाला कुनी सांगितलंच न्हाई की." ओट्यावर पेपर वाचणाऱ्या सुभेदारकाकांनी पेपर खाली केला.

आणि मग हौसाकाकूंनी एक बेत केला. आमच्या भागात लग्न ठरलेल्या मुलीला भाऊबंद, शेजारी जेवायला बोलावतात, ते केळवण. आणि केळवण जेवलेली मुलगी मग बापाने घरात अडवून ठेवायची नसते, अपशकुन होतो. हा दुसरा भाग खरोखर रीतीतला की हौसाकाकूंनी तेवढ्यापुरता जोडलेला, हे मला आजही माहीत नाही. पण त्यांनी तो इतक्या ठामपणे सांगितला की मगदूमकाकींनीही मान डोलावली. जेवण दिवसाउजेडी, मगदूमांना चालावं म्हणून कांदा-लसणाशिवाय, कंदमुळाशिवाय. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, तळलेल्या मिरच्या. बाबांना निरोप गेला, "सहज जेवायला या."

हौसाकाकूंच्या सोप्यात पाट मांडलेले, ताटांभोवती रांगोळी, मधल्या पाटावर मोनी. तिला मगदूमकाकींनी आपली जरीकाठी साडी नेसवली होती, हातात हिरवा चुडा भरला होता, गजरा माळला होता. सिस्टर इमेल्डाही आल्या होत्या, कोपऱ्यातल्या पाटावर मांडी घालून. चुड्याकडे बघून म्हणाल्या, "हे सगळं काढून यावं लागंल बरं का," आणि हौसाकाकू म्हणाल्या, "तुमी गप जेवा, आज ती आमची हाय." बाबा आले ते हे पाहून उंबऱ्यातच थबकले. त्यांना सगळं कळलं. पाटावर बसलं की होकार झाला, हे त्यांना त्या सोप्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं. ते आत आले नाहीत आणि परतही फिरले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले.

तेवढ्यात कुणीतरी बाई सवयीने बोलून गेली, "मोने, नाव घे!" नवरीने पाटावर बसल्यावर उखाणा घ्यायचाच असतो, त्या बाईच्या तोंडून ते आपसूक निघालं. आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की नाव घ्यायला नवराच नाही. हौसाकाकूंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मगदूमकाकी त्या बाईकडे डोळे वटारू लागल्या. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

मोनी मात्र बिचकली नाही. तिने मान थोडी वळवली, उंबऱ्याकडे, आणि म्हणाली,

"उसाला आला तुरा, चिमणीतून निघाला धूर,
अंतोनरावांची लेक म्हणते, जाऊ द्या बाबा, मी नाही जात दूर."

बायका हसल्या, मग हसता हसता एकेकीचा पदर तोंडाकडे गेला. आई तर उघडउघड रडू लागली. बाबा चौकटीचा रंग नखाने खरवडत होते. किती तरी दिवसांनी ते तिच्याशी बोलले, आणि बोलले ते भांडल्यासारखं.

"दूर न्हाई कसं? पुनं काय शेजारी हाय?"

"नाही बाबा," मोनी म्हणाली. "पण मला तिथं जायचंय. दुःख झालं म्हणून नाही. सकाळी दवाखाना उघडला, बाकावर माणसं बसलेली दिसली की मला बरं वाटतं. जन्मभर तसंच बरं वाटावं, एवढंच."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी केतकीकडे न बघता मोनीकडे पाहिलं. मग त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत आले, तिच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर बसले आणि मान खाली घालूनच म्हणाले,

"वाढा वैनी. तूप जरा हात सोडून घाला."